प्रश्न वाचकांचे, उत्तरे कर्व्यांची

प्रेमाविषयी मराठीत जेवढे लिहिले गेले आहे तेवढे पावसाविषयीही लिहिले गेले नसेल, आणि आमच्या शहापूर-मुरबाडकडे पाऊस काही थोडाथोडका पडत नाही. परंतु प्रेमात पडलेल्या माणसाने एखादा साधा प्रश्न विचारला, तर त्याला सरळ उत्तर देणारे लेखन किती? मोजायला एका हाताची बोटे पुरून उरतील. त्या थोडक्या लेखनात र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातील प्रश्नोत्तरांचा मान मोठा आहे. आरोग्याचे जुने दप्तर म्हणून ती बाजूला न ठेवता वाङ्मय म्हणून वाचावीत, असे मला वाटते.

रघुनाथराव हे महर्षी धोंडो केशव कर्व्यांचे थोरले चिरंजीव. विल्सन कॉलेजात ते गणित शिकवीत. 1921 साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले, आणि हा प्रचार सोडायचा की नोकरी, असा प्रसंग आला तेव्हा 1925 मध्ये नोकरी सोडली. जुलै 1927 मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ निघाले, ते ऑक्टोबर 1953 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत चालले. पुढच्या महिन्यातला अंक शेवटचा ठरला. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचे चित्र असे; तेव्हा हा अंक चारचौघांत हाती धरायलाही छाती लागत असणार. लोक तरीही घेत, आणि पत्रे लिहीत.

या उत्तरांची शैली गणिताच्या मास्तरांची आहे. जेवढे विचारले तेवढेच सांगायचे. विचारणारा पापी की पुण्यवान, विवाहित की अविवाहित, याची चौकशी नाही. आधी दोन शब्द उपदेशाचे आणि मग उत्तर, असा प्रकार नाही. (आम्हा शिक्षकांना हे साधत नाही. मुलाने वेळ विचारली तर आम्ही वक्तशीरपणावर पाऊण तास बोलतो.) वाचताना हा कोरडेपणा प्रथम खटकतो. मग लक्षात येते की, लाजेने अर्धमेल्या झालेल्या माणसाला या कोरडेपणानेच धीर येत असेल. आपली गोष्ट कोणाला भयंकर वाटली नाही, हे कळणे हाही औषधाचाच एक भाग आहे.

1934 साली वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या अशाच उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांच्या बाजूने वकील म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. तरीही प्रश्नोत्तरे बंद झाली नाहीत.

आता एक आक्षेप घेतलाच पाहिजे. संततिनियमनाची साधने कर्वे स्वतः विकत. मग सल्ला देणारा आणि दुकान मांडणारा एकच झाला की! आक्षेप खोटा नाही. पण ते दुकान उघड्यावर होते. वाचकाला ते ठाऊक होते, आणि सल्ल्यातून त्याची वजावट करणे त्याच्या हाती होते. हल्ली आमच्या आसनगावच्या लोकलमध्ये पोरेपोरी मोबाईलवर प्रेमाचे धडे ऐकत असतात. ‘ती उत्तर देत नसेल तर काय कराल’, ‘तो खरा की खोटा, ओळखा पाच खुणांनी’. सांगणारा मोठा गोड बोलतो. शेवटी कुठला तरी वर्ग, कुठले तरी पुस्तक किंवा नुसती आपली प्रसिद्धी विकतो. त्याचे दुकान दिसत नाही, म्हणून वजावटही करता येत नाही.

तथापि कर्वे सर्वच बाबतीत पुरे पडतात असे नाही. मुरबाडच्या एम.आय.डी.सी.तल्या एका कारखान्यात काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी मध्यंतरी भेटायला आली. मुलगा दुसऱ्या जातीचा, ओळख मोबाईलवरची, पुढे भेटीगाठी कल्याणला. दोन वर्षे झाली. तो लग्नाचे बोलतो, पण घरी सांगत नाही. तिच्या घरचे म्हणतात, घाई कशाला, आणखी दोन-तीन वर्षे जाऊ देत. “सर, ऐकू कोणाचे?” असा तिचा प्रश्न.

कर्व्यांनी काय लिहिले असते? बहुधा तीन ओळी. दोघे सज्ञान आहेत, तर अडचण कोणती? आज हवे तर कायदाही दाखवता येतो: मुलगी 18 वर्षांची, मुलगा 21 वर्षांचा असला की 1954 च्या विशेष विवाह कायद्याखाली नोटीस द्यावी, ती 30 दिवस कचेरीत लागते, पुढे नोंदणी. तेवढे मीही तिला सांगितले. पण तिचे गाऱ्हाणे त्या नोटिशीत मावत नव्हते. घर, जात, गावातली माणसे या कर्व्यांच्या लेखी विवेकाने दूर सारण्याच्या गोष्टी. ‘प्रेम’ या शब्दाकडेही ते जरा संशयानेच पाहात. जिला रोज संध्याकाळी त्याच घरी परतायचे आहे, तिला हे उत्तर बरोबर असूनही अपुरे पडते.

इथे मला विभावरी शिरूरकरांची आठवण होते. ‘कळ्यांचे निःश्वास’ 1933 साली आले, म्हणजे तो खटला होण्याच्या आदल्या वर्षी. टोपणनावामागच्या बाळूताई खरे, पुढच्या मालतीबाई बेडेकर, या धोंडो केशवांच्याच हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या. म्हणजे बापाच्या संस्थेतून ही लेखिका आली आणि मुलाच्या मासिकात जे नव्हते ते तिने लिहिले. मुलगी शिकते, मिळवती होते, तिच्या पगारावर घर चालू लागते. मग तिच्या लग्नाची निकड हळूहळू कोणालाच उरत नाही. आईबाप दुष्ट नसतात. ते मायेनेच बोलतात, आणि त्या मायेखाली महिन्याच्या एक तारखेचा हिशेब असतो. पुस्तकावर केवढे काहूर उठले! शरीराविषयी लिहिणाऱ्या कर्व्यांवर लोक चिडले हे समजू शकते. या बाईंवर चिडले ते मात्र घरातले दुकान तिने दाखवले म्हणून.

कलाकृती म्हणून त्या कथांत उणिवा आहेत. पात्रे कधीकधी भाषण करतात, आणि अश्रू जरा लवकर येतात. सल्ला म्हणून पाहिले तर त्यांत एकही सल्ला नाही. पण कोणाच्या बोलण्यात कोणाचा स्वार्थ आहे हे त्या ज्या बारकाईने दाखवतात, ती बारकाई कर्व्यांच्या उत्तरांत मला आढळली नाही. विवेक कर्व्यांकडून घ्यावा आणि माणसांची पारख विभावरीबाईंकडून, असे फार तर म्हणता येईल. पण दोन्ही एका पुस्तकात बांधलेली मिळत नाहीत, ही मराठी वाचकाची गैरसोय आहे.

मुलीला मी तेच पुस्तक दिले. महिन्याभराने रस्त्यात भेटली तेव्हा पुस्तकाविषयी ती काहीच बोलली नाही. एवढेच म्हणाली की, त्याला आणि आईला एकच प्रश्न विचारला, ‘नक्की कोणत्या तारखेपर्यंत थांबू?’ त्याने तारीख सांगितली. आईने अजून सांगितलेली नाही. पुस्तक सध्या तिच्या धाकट्या बहिणीकडे आहे.