दोन हजार घरांचं चित्र

‘द ड्रॉ’ हा चिन्हांची चित्रं काढायचा डॉसवरचा प्रोग्रॅम इयन डेव्हिस यांनी १९८६ मध्ये तयार केला. १९९३ च्या ४.६३ नंतर त्याची नवी आवृत्ती आली नाही. त्यात चित्रकाराच्या हाती कुंचला नसतो, कर्सर असतो. ॲरो की दाबत हव्या त्या घरावर जायचं आणि फंक्शन कीने तिथे एक चिन्ह ठेवायचं. आडवी ८० घरं, उभ्या २५ ओळी. एका पडद्यावर २००० घरं. अमेरिकेत फोनवरून मोडेमने जोडल्या जाणाऱ्या कितीतरी संगणकी बुलेटिन बोर्डांची स्वागताची पानं अशी घरं भरत तयार झाली, आणि नव्वदीच्या सुरुवातीला ‘ॲसिड’, ‘आइस’ या गटांनी या कारागिरीची कला केली.

तिची गोडी कळायला एकाच घरात डोकवावं लागतं. घरात एक चिन्ह असतं आणि दोन रंग: चिन्हाचा आणि त्याच्या पाठीमागचा. आयबीएम पीसीच्या २५६ चिन्हांमध्ये एक भरीव ठोकळा आहे, अर्धे ठोकळे आहेत आणि विरळ, मध्यम, दाट अशी तीन ठिपकेदार चिन्हं आहेत. बदामी पार्श्वभूमीवर पिवळं विरळ चिन्ह ठेवा, मग मध्यम, मग दाट, शेवटी भरीव पिवळा. चार घरांत उजेड गालावर चढतो. अर्धा ठोकळा त्याहून गुणी आहे. तो उभट घराचे वर-खाली दोन चौकोन करतो आणि २५ ओळींच्या जागी ५० हाती येतात.

पण चिन्हाला १६ रंग मिळतात, पार्श्वभूमीला फक्त आठ आणि तेही मंद. रंगांसाठी मिळून आठच बिट आहेत. चार चिन्हाला, तीन पार्श्वभूमीला, आणि उरलेला एक लुकलुकण्यासाठी. त्यामुळे पिवळा आणि पांढरा, दोन्ही तेजस्वी, एका घरात नांदू शकत नाहीत. नाकाच्या शेंड्यावर पांढरी चमक आणायची तर तिची कड घराच्या सीमेवरच पडली पाहिजे, नाहीतर मध्ये करडा आणावा लागतो. कसलेला चित्रकार हे आधीच हेरतो आणि अख्खा चेहरा अर्धं घर सरकवून बसवतो. मला या कलेतला सर्वांत देखणा निर्णय हाच वाटतो. बघणाऱ्याला तो दिसत नाही, नाक तेवढं उजळ दिसतं.

व्हीजीए या तेव्हाच्या पीसीच्या पडद्याची एक खोडही लक्षात घ्यायला हवी. तिथे प्रत्येक घर नऊ ठिपके रुंद, पण चिन्ह आठच ठिपक्यांचं. ठोकळ्यांचा आठवा ठिपका नवव्यात पुन्हा उमटतो आणि ते सलग जुळतात. ठिपकेदार चिन्हांना ही सवलत नाही. म्हणून छायेच्या भागात बारीक उभ्या फटी दिसतात आणि त्यांचाही एक पोत होतो.

मुंबईचे चंद्रकांत भिडे टाइपरायटरवर व्यक्तिचित्रं काढतात. तिथे एका अक्षरावर दुसरं ठोकून काळेपणा वाढवता येतो. पडद्यावर नवं चिन्ह जुन्याला पुसून टाकतं, त्यामुळे गडदपणा निवडूनच ठेवावा लागतो.

ही चित्रं बघण्याची चालही वेगळी होती. २४०० बिटच्या मोडेमवरून सेकंदाला सुमारे २४० अक्षरं यायची. रंगांचे संकेत सोडले तरी भरलेल्या पडद्याला आठ सेकंद लागायचे. चित्र वरून खाली, ओळीने उलगडायचं. शिंगं आधी, डोळे नंतर, हनुवटी सर्वांत शेवटी. पडदा वर सरकत राहायचा, म्हणून चित्रकारांनी पंचवीस ओळींची मर्यादा मोडून उभीच्या उभी लांब चित्रं रचली. आज ती एका दमात समोर येतात आणि त्यातली उत्कंठा हरवते.

‘सिक्स्टीन कलर्स’ हा ऑनलाइन संग्रह सर्वांना खुला आहे. एखादं चित्र उघडा, मोठं करा, आणि पिवळा जिथे पांढऱ्याला भिडतो ती कड आधी शोधा.