टिळकांच्या घरातली कारभारीण

‘टॅलेंट’ हा शब्द टीव्हीवरच्या शोंनी इतका वापरलाय, की तो मुळात पैशांचा शब्द आहे हे सांगून पटत नाही. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात येशूने सांगितलेला एक दाखला आहे. परदेशी निघालेला धनी तीन दासांना ज्याच्या-त्याच्या कुवतीप्रमाणे पाच, दोन आणि एक टॅलेंट सोपवतो. एक टॅलेंट म्हणजे मजुराची साधारण १५-२० वर्षांची कमाई. पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा ती जमिनीत पुरतो आणि धनी आल्यावर जशीच्या तशी परत करतो. चोरी नाही, अफरातफर नाही. तरी त्याला हाकललं जातं. का? तो स्वतःच सांगतो: मी तुम्हाला भ्यालो.

प्रवचनांत हा दाखला बहुतेक वेळा पाचवाल्याच्या बाजूने सांगतात. मला तो उमगला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ दुसऱ्यांदा वाचताना. पहिल्यांदा मी नुसतीच हसले होते.

सुरुवातीलाच लक्ष्मीबाईंचे वडील भेटतात, नाशिकजवळच्या जलालपूरचे. त्यांचं सोवळ्याचं वेड असं, की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. देवाने दिलेलं आयुष्य कशाचाही स्पर्श न होऊ देता जपून ठेवायचं आणि तसंच परत करायचं, ही पुरून ठेवण्याचीच तऱ्हा. त्या घरातली, शाळेचं तोंड न पाहिलेली मुलगी लहानपणीच लग्न होऊन नारायण वामन टिळकांच्या घरी आली.

मराठी बायबलमध्ये विश्वस्ताला ‘कारभारी’ म्हणतात. आपल्या खेड्यांतल्या बायका नवऱ्याला हाक मारतात तोच शब्द. टिळकांच्या घरात मात्र हे नातं उलटं आहे. टिळक कवी, विद्वान, पाच टॅलेंटचा माणूस. पण हाती आलेला पैसा उद्यासाठी ठेवायचा असतो हे त्यांच्या गावीच नाही. दिसेल त्याला देणार, घरी कुणालाही आणणार. डब्यात काय उरलंय ते लक्ष्मीबाईंना ठाऊक. भक्तिभावाने वाचणारे म्हणतात: केवढा हा त्याग! वैतागून वाचणारे म्हणतात: केवढा हा छळ! मला दोन्ही वाचनं अपुरी वाटतात. लक्ष्मीबाई नवऱ्याची तक्रार करतात, त्याची टिंगल करतात आणि त्याच्या देण्यातलं मोठेपणही ओळखतात. बरेचदा एकाच परिच्छेदात. विश्वासू कारभारी नेमका कोण, उधळणारा की सांभाळणारी, याचा निवाडा त्या देत नाहीत. पुस्तकाची ताकद तिथेच आहे.

१८९५ साली टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. काही वर्षं त्या वेगळ्या राहिल्या. मग एकत्र आल्यावरही आपलं अन्न, आपलं पाणी सांभाळत राहिल्या. १९००मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, तो स्वतः विचार करून, जातपात माणसानेच केली या निष्कर्षाला आपल्या पायांनी पोचून. ‘संधी आली की झडप घाल’ म्हणणाऱ्या आजच्या रील्सना ही गती झेपणार नाही. पण दाखल्यातला धनीसुद्धा फार दिवसांनी परततो. वेळ भरपूर आहे. तो भीतीत घालवला की कामात, एवढाच हिशेब.

१९१९ साली टिळक गेले. ‘ख्रिस्तायन’ हे त्यांचं महाकाव्य जेमतेम सुरू झालेलं होतं. ज्यांना अक्षरओळखच मुळी टिळकांनी करून दिली होती, त्या लक्ष्मीबाईंनी त्यात तब्बल ६४ अध्यायांची भर घातली. दुसऱ्याने मागे सोडलेली ठेव त्यांनी कित्येक पटींनी वाढवून दिली. दाखल्याचं याहून नेटकं उदाहरण सापडायचं नाही, आणि म्हणूनच मला ते थोडं संशयास्पद वाटतं. कारण खरं सांगायचं तर ‘ख्रिस्तायन’ आज फारसं कुणी वाचत नाही. त्यातल्या निष्ठेपुढे मान लवते, पण पानं भराभर उलटत नाहीत. कर्तव्य म्हणून केलेल्या कामाचं ओझं ओळींवर जाणवतं.

‘स्मृतिचित्रे’वर ते नाही. १९३४ ते १९३६ या काळात भागाभागाने आलेलं हे पुस्तक म्हणजे स्वयंपाकघरातलं बोलणं: फजिती, भांडणं, उपासमार, हसू. साहित्य म्हणून याचं मोल होईल असं त्या घरातल्या कुणाला सुरुवातीला वाटलं असेल, असं मला तरी वाटत नाही. ही त्यांची स्वतःची एकुलती एक टॅलेंट, नवऱ्याकडून न मिळालेली. ती त्यांनी खर्च केली ती कुणालाही न भिता: वडिलांची फजिती लिहिली, नवऱ्याची लिहिली, स्वतःची तर सगळ्यात जास्त. तिसऱ्या दासाला नेमकं हेच जमलं नव्हतं.

शाळेत एखादा उतारा वाचून हे पुस्तक ‘झालं’ असं वाटत असेल, तर पुन्हा उघडा. जलालपूरच्या त्या सोवळ्या घरापासून वाचा. आणि टिळक घरात आले की लक्ष्मीबाईंच्या हातातल्या डब्यांवर लक्ष ठेवा.