न्यायाधीशाचे कथन : डेनिंग अहवाल, एक गद्यकृती म्हणून

शासकीय चौकशीचे अहवाल वाङ्मयसमीक्षेच्या कक्षेत सहसा येत नाहीत, आणि ते न येणे सामान्यतः योग्यच असते. त्यांचे प्रयोजन व्यावहारिक, त्यांची भाषा ठरीव आणि त्यांचा वाचकवर्ग मोजका. परंतु एखादा अहवाल लोक कादंबरीसारखा वाचू लागतात, त्यातील व्यक्ती पात्रांप्रमाणे स्मरणात ठेवतात, आणि पुढील पिढ्यांना त्या घटनेचे जे चित्र दिसते तेही बव्हंशी त्या अहवालानेच रेखाटलेले असते. अशा वेळी त्याच्या गद्याचा विचार टाळून चालत नाही. इंग्लंडमध्ये सप्टेंबर 1963 मध्ये प्रसिद्ध झालेला लॉर्ड डेनिंग यांचा अहवाल हा असा ग्रंथ आहे. तो विकत घेण्यासाठी लंडनमध्ये सरकारी प्रकाशनांच्या दुकानाबाहेर मध्यरात्री रांगा लागल्या आणि त्याच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. एका मंत्र्याच्या राजीनाम्याची मीमांसा करणाऱ्या कागदपत्राला हे भाग्य क्वचितच लाभते. ते कशामुळे लाभले आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले आहेत.

घटनाक्रम थोडक्यात असा. जुलै 1961 मध्ये लॉर्ड अ‍ॅस्टर यांच्या क्लिव्हडन येथील वाड्यावर ब्रिटनचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांची एकोणीस वर्षांच्या क्रिस्टीन कीलरशी गाठ पडली आणि त्यांचा अल्पकाळ संबंध जडला. कीलर ज्यांच्या परिचयाने तेथे आली होती ते स्टीफन वॉर्ड हे अस्थिचिकित्सक व व्यक्तिचित्रकार होते. सोव्हिएत वकिलातीतील नौदल अधिकारी येव्हगेनी इवानोव्ह हेही त्यांच्याच मित्रवर्तुळातले. 22 मार्च 1963 रोजी प्रोफ्युमो यांनी कॉमन्स सभागृहात निवेदन करून कीलरशी कोणताही अनुचित संबंध असल्याचा इन्कार केला. जूनच्या आरंभी त्यांनी ते निवेदन असत्य असल्याचे मान्य करून राजीनामा दिला. त्याच महिन्यात पंतप्रधान मॅकमिलन यांनी ‘मास्टर ऑफ द रोल्स’ ह्या उच्च न्यायिक पदावर असलेल्या डेनिंग यांच्याकडे चौकशी सोपविली. दरम्यान वॉर्ड यांच्यावर ओल्ड बेली न्यायालयात खटला चालला. स्त्रियांच्या अनीतीच्या कमाईवर जगल्याच्या दोन आरोपांवर पंचांनी त्यांना 31 जुलै रोजी दोषी ठरविले, तेव्हा ते झोपेच्या गोळ्या अतिप्रमाणात घेऊन बेशुद्धावस्थेत रुग्णालयात होते. 3 ऑगस्ट रोजी त्यांचा मृत्यू झाला. शिक्षा सुनावली गेलीच नाही.

ह्या साऱ्याला मराठीत ‘प्रोफ्युमो प्रकरण’ असे म्हटले जाते. ‘प्रकरण’ हा शब्द येथे फार अर्थपूर्ण आहे. ग्रंथाचा विभाग तेही प्रकरण, कचेरीत वा न्यायालयात दाखल झालेली बाब तेही प्रकरण, आणि स्त्रीपुरुषांच्या चोरट्या संबंधाला दबल्या आवाजात जे नाव मिळते तेही प्रकरणच. इंग्रजीत ह्या तिहींसाठी तीन निरनिराळे शब्द लागतात. मराठीने ते एकत्र ठेवले, त्यात नकळत एक जाण प्रकट झाली आहे : खाजगी संबंध कागदावर चढला की त्याची बाब होते, आणि बाब सांगितली गेली की तिची गोष्ट होते. डेनिंग यांच्या अहवालात ही तिन्ही रूपांतरे एकाच लेखणीने घडविली आहेत.

डेनिंग यांचे गद्य भारतीय कायदेपंडितांना अपरिचित नाही. त्यांची निकालपत्रे येथील विधिमहाविद्यालयांत कित्येक पिढ्यांनी वाचली आहेत. लहान वाक्ये, सोपे शब्द, आणि वादाचा कायदेशीर मुद्दा मांडण्यापूर्वी स्थळ, ऋतू व माणसे डोळ्यांसमोर उभी करण्याची हातोटी, ही त्यांची वैशिष्ट्ये. 1970 च्या एका अपघाताच्या दाव्यातील त्यांच्या निकालपत्राचा प्रारंभ केंट परगण्यातील वसंतातल्या रानफुलांनी होतो, हे सर्वश्रुत आहे. 1963 च्या अहवालात हीच हातोटी मोठ्या पटावर वावरते. त्यातील उपशीर्षके रहस्यकथेला शोभावीत अशी आहेत. एक तर मुखवटा घातलेल्या माणसाविषयी आहे. पात्रे एकेक करून रंगमंचावर आणली जातात, प्रत्येकाचे वय, व्यवसाय व स्वभाव दोनचार वाक्यांत सांगितला जातो, आणि मग घटनांची साखळी वेगाने पुढे सरकते. विशेष म्हणजे ही हकीगत मंत्र्यापासून सुरू होत नाही. ती वॉर्डपासून सुरू होते, आणि तो धर्मोपदेशकाचा मुलगा होता हे वाचकाला आरंभीच कळते. कोणत्याही कसलेल्या कथाकाराला ह्या तपशिलाचे मोल समजेल. ज्याच्या अधःपाताची कथा सांगावयाची त्याचे उगमस्थान उंच दाखविले की पतन आपोआप खोल भासते.

येथे अनुवादकाची एक अडचण उद्बोधक ठरते. स्वतः डेनिंग आपल्या निवेदनाला ‘स्टोरी’ म्हणतात. मराठीत त्याला ‘कथा’ म्हणावे तर कल्पिताचा वास येतो. ‘वृत्तान्त’ म्हणावे तर बातमीदाराचा कोरडेपणा येतो. ‘हकीगत’ म्हणावे तर त्या शब्दाच्या मुळातच सत्याचा दावा दडलेला आहे. इंग्रजी शब्द ह्या तिन्ही अर्थांच्या मधोमध उभा राहून तिघांचाही लाभ उठवितो. मराठी अनुवादकाला मात्र निवड करावी लागते, आणि ती करताना मूळ लेखकाने जे मोघम ठेवले होते ते त्याच्या ध्यानात येते.

ते मोघमपण कोणते? डेनिंग यांनी सुमारे एकशे साठ साक्षीदारांचे म्हणणे ऐकले. हे सर्व बंद खोलीत झाले. साक्षीदार शपथेवर बोलत नव्हते, आणि एकाच्या कथनाची दुसऱ्याच्या वतीने उलटतपासणी होत नव्हती. शोध घेणारा, आरोप मांडणारा, बचाव मांडणारा आणि निर्णय देणारा असे सर्व व्यवसाय एकाच व्यक्तीकडे आले आहेत, ही आपल्या कामातील उणीव डेनिंग यांनी स्वतः नमूद केली आहे. परंतु ही कबुली अहवालाच्या आरंभी राहून जाते. पुढील पानांत निवेदकाचा स्वर कोठेही अडखळत नाही. एकशे साठ आवाज एका आवाजात विरून जातात. कोणते विधान कोणाचे, ते कोणत्या हेतूने केले गेले आणि त्याला कोणी हरकत घेतली असती, हे वाचकाला क्वचितच समजते. सर्वज्ञ निवेदक हा कादंबरीचा हक्क आहे, कारण कादंबरीतल्या माणसांना फाशी, तुरुंग वा बदनामी भोगावी लागत नाही.

ह्या ठिकाणी मराठी वाचकाला आपल्या जुन्या न्यायपद्धतीतील महजराची आठवण होणे स्वाभाविक आहे. महजरात वादी व प्रतिवादी यांचे करीने नोंदले जात, सभेला उपस्थित असणाऱ्यांची नावे लिहिली जात, आणि निवाडा त्या सर्वांच्या समक्ष होई. वाद सभेपुढे आणताना उभय पक्ष तिचा निर्णय पाळण्याची लेखी संमती देत. तिला ‘राजीनामा’ म्हणत. आज त्या शब्दाचा अर्थ पद सोडणे इतकाच उरला आहे. महजराचे गद्य ओबडधोबड असते, त्यात पुनरुक्ती असते. पण त्यात दोन आवाज असतात. डेनिंग यांचे गद्य निःसंशय अधिक वाचनीय आहे. प्रश्न एवढाच की ती वाचनीयता दुसरा आवाज वगळून मिळविली आहे. अहवाल प्रसिद्ध झाला तेव्हा त्याच्या कथेतील प्रमुख खलपात्र जिवंत नव्हते. वॉर्ड यांची 1961 मध्येच ब्रिटिश गुप्तचर अधिकाऱ्याशी भेट झाली होती, ही बाब अहवालात आहे. परंतु तिच्यामुळे त्या पात्राच्या रंगात फरक पडत नाही.

आता परिणामांकडे पाहावे. ह्या प्रकरणात दोन असत्ये उच्चारली गेली. मंत्र्याने सभागृहात असत्य सांगितले, आणि त्यापाठोपाठ परदेशी नियतकालिकांविरुद्ध अब्रुनुकसानीची कारवाईही केली. सभागृहात शपथ नसते. सबब तो खोट्या साक्षीचा गुन्हा झाला नाही. सभागृहाने गंभीर अवमानाचा ठराव केला आणि विषय तेथे संपला. कीलरने जून 1963 मध्ये तिच्यावर हल्ला केल्याच्या आरोपावरून एका माणसावर चाललेल्या खटल्यात शपथेवर खोटे सांगितले. त्या माणसाची शिक्षा अपील न्यायालयाने 30 जुलै रोजी, म्हणजे वॉर्ड यांच्या निकालाच्या आदल्या दिवशी, रद्द केली. आणि डिसेंबरमध्ये कीलरला नऊ महिन्यांचा कारावास झाला. कायद्याच्या दृष्टीने हा भेद बिनतोड आहे. तथापि एक गोष्ट विसरता येत नाही : मंत्र्याशी असलेल्या संबंधाविषयी तिने जे सांगितले ते खरे होते. वॉर्ड यांच्या खटल्यात प्रोफ्युमो यांना साक्षीला बोलावले गेले नाही. पुढे त्यांनी लंडनच्या पूर्व भागातील टॉयन्बी हॉल ह्या संस्थेत दीर्घकाळ निष्ठेने समाजसेवा केली, आणि 1975 मध्ये त्यांना राजसन्मान मिळाला. त्यांच्या पश्चात्तापाच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु पश्चात्तापाची कथा पुरी करण्यास लागणारे अवकाश त्यांना लाभले. 2017 मध्ये निवर्तलेल्या कीलरला अखेरपर्यंत 1963 मधील मुलगी म्हणूनच ओळखले गेले.

गैरहजर पुरुष आणि पिंजऱ्यातील स्त्री हे चित्र मराठी रंगभूमीला ठाऊक आहे. विजय तेंडुलकरांच्या 1967 मधील ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ ह्या नाटकात अभिरूप न्यायालय बेणारेबाईंना घेरीत जाते, आणि ज्याच्यामुळे हे सारे घडले तो प्रोफेसर दामले रंगमंचावर येतच नाही. त्याहूनही मार्मिक योजना सामंताची आहे. ऐनवेळी साक्षीदार म्हणून उभा केलेला हा भाबडा माणूस हातातल्या कादंबरीच्या आधाराने साक्ष देतो, आणि न्यायालय ती स्वीकारते. ह्या नाटकाचा लंडनमधल्या घटनेशी संबंध जोडण्याचे कारण नाही. परंतु कथा जेव्हा साक्षीची जागा घेते तेव्हा काय घडते, ह्याचे एवढे स्वच्छ दर्शन कोणत्याही न्यायशास्त्रीय ग्रंथात सापडणार नाही.

डेनिंग यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. त्या उन्हाळ्यात लंडन अफवांनी ग्रासले होते आणि अनेक मंत्र्यांची नावे घेतली जात होती. त्यांतील बहुतेक अफवा त्यांनी तपासून निराधार ठरविल्या. राष्ट्राची सुरक्षितता धोक्यात आली नाही असा निष्कर्ष दिला. आणि पंतप्रधान व त्यांचे सहकारी योग्य प्रश्न विचारण्यात चुकले, हेही सांगितले. अफवा ही सुट्या तपशिलांवर जगते, आणि तिला मारावयाचे तर सलग कथाच लागते, हे त्यांनी ओळखले होते. किंबहुना अहवालाचे यश ह्याच ओळखीत आहे. परंतु ज्यांची नावे निर्दोष ठरली ते सत्ताधारी होते; ज्यांची रंगविली गेली त्यांच्यापाशी प्रत्युत्तराचे साधन नव्हते. 1966 मध्ये लॉर्ड जस्टिस सामन यांच्या आयोगाने ह्या प्रकारच्या चौकशीची पुनरावृत्ती होऊ नये असे सुचविले, ते ह्याच जाणिवेतून.

वॉर्ड यांच्या खटल्यावर लडोव्हिक केनेडी यांनी 1964 मध्ये आणि जेफ्री रॉबर्टसन यांनी 2013 मध्ये पुस्तके लिहून तो निकाल अन्यायाचा असल्याचे प्रतिपादन केले. फौजदारी खटल्यांचा फेरविचार करणाऱ्या आयोगाने 2017 मध्ये तो अपील न्यायालयाकडे पाठविण्यास नकार दिला. न्यायाधीशांनी पंचांपुढे केलेल्या समारोपाची मूळ नोंद मिळत नाही, ही त्यातली मोठी अडचण होती. एवंच, खटल्याचा मजकूर हरवला आणि कथेचा मजकूर उरला. जो मजकूर उरतो त्याचे परीक्षण करणे हे समीक्षेचे काम आहे. त्यातील वाक्ये किती प्रासादिक आहेत हे तिने अवश्य पाहावे. पण त्या प्रसादासाठी कोणाचे बोलणे मध्येच तोडले गेले, हेही तिने तितक्याच काटेकोरपणे नोंदवावे.