आधी दाम, मग घास

स्मरणिकेसाठी परीक्षण लिहायचं म्हटलं की पुस्तक नाहीतर नाटक, असा आपला समज असतो. या वेळी मी एका भोजन-योजनेचं परीक्षण करणार आहे. फ्लॉरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा ‘डायनिंग प्लॅन’ हा त्याचा विषय. निवड विचित्र वाटेल, पण न्यू लिनमधल्या आपल्या घरांत या योजनेवर जेवढी चर्चा होते तेवढी क्वचितच एखाद्या कादंबरीवर होत असेल. गोल्ड कोस्ट काय, साडेतीन तासांचं विमान. आज ठरवलं आणि उद्या निघालो. अमेरिकेचं तसं नाही. तिथे आयुष्यात एकदाच जायचं असतं, तेही भारतातून आजी-आजोबांना बोलावून घेऊन. मग हॉटेलचं बुकिंग करताना प्रश्न येतो, “जेवणाचे पैसे आत्ताच भरून टाकूया का?”

आधी संहिता पाहू. ही योजना २००५ साली सुरू झाली, २०२० मध्ये कोविडच्या साथीत बंद पडली आणि ९ जानेवारी २०२४ पासून परत आली. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलांत उतरणाऱ्यांनाच ती घेता येते. तिचे दोन प्रकार आहेत. साध्या, म्हणजे ‘क्विक सर्व्हिस’ प्रकारात दर रात्रीमागे माणशी दोन जेवणं (काउंटरवरून आपणच ताट उचलून आणायचं), एक खाऊ आणि मुक्कामाला एक मग मिळतो. हा मग हॉटेलात हवा तितक्या वेळा भरून घ्यायचा. दुसऱ्या प्रकारात दोनांपैकी एक जेवण टेबलावर बसून, वाढप्याच्या हातचं. दर बदलत राहतात, म्हणून हिशेबाला मी २०२४चे धरतो. साध्या प्रकाराला मोठ्या माणसामागे रात्रीला ५७.०१ अमेरिकन डॉलर आणि तीन ते नऊ वर्षांच्या मुलामागे २३.८३. टेबलाच्या प्रकाराला ९४.२८ आणि २९.६९.

आता संहितेतल्या अटी. दहा वर्षं पूर्ण झाली की मूल ‘मोठं’. एका बुकिंगमधल्या तीन वर्षांवरच्या सगळ्यांनी एकच योजना घ्यायची आणि सगळ्या रात्रींसाठी घ्यायची. टिप बहुतेक ठिकाणी वेगळी. न्यूझीलंडमध्ये टिपेची सवय नसलेल्या आपल्याला हा खर्च हमखास विसरायला होतो. आणि शेवटची अट सर्वांत महत्त्वाची : न वापरलेली जेवणं हॉटेल सोडण्याच्या दिवशी मध्यरात्री रद्द होतात.

समजा, आजी, आजोबा, आई, बाबा, बारा वर्षांचा दादा आणि सात वर्षांची ताई असे सहा जण सहा रात्री राहणार आहेत. डिस्नेच्या लेखी मोठी माणसं पाच. पाच जणांचे २८५.०५ आणि ताईचे २३.८३ मिळून रात्रीचे ३०८.८८ डॉलर. सहा रात्रींचे १८५३.२८. त्या वर्षीच्या साधारण ६० सेंटच्या दराने आपले तीन हजारांवर न्यूझीलंड डॉलर झाले.

एवढ्या पैशांत मिळतं काय? मोठ्या माणसाच्या ५७ डॉलरांतून खाऊचे सहा-सात वजा केले तर दोन जेवणांना पन्नास उरतात. म्हणजे प्रत्येक जेवण पेयासकट पंचवीस डॉलरांचं झालं तरच बरोबरी. मांसाहारी मोठी डिश आणि तिच्याबरोबर कॉकटेल घेणारा हा आकडा सहज गाठतो, कारण एकवीस वर्षांवरच्यांना पेयात बिअर किंवा कॉकटेलही चालतं. आजोबा मात्र भाताचा शाकाहारी बोल घेतात आणि वर पाणी पितात. बर्फाचं पाणी तर काउंटरवर फुकटच मिळतं. योजनेच्या वहीत दोघांचंही ‘एक जेवण’ लागतं. मला हा योजनेतला सर्वांत मोठा दोष वाटतो : कमी खाणारा, शाकाहारी, दारू न पिणारा माणूस इथे दुसऱ्याच्या पानाचे पैसे भरतो. आपल्या घरांत असे एक-दोघे तरी असतातच. त्यात आपली एक डिश दोघांत वाटून घेण्याची पद्धत, आणि आजींची चतुर्थी नेमकी त्याच आठवड्यात!

आता गुणांकडे वळू, नाहीतर परीक्षण एकांगी होईल. लहान मुलांच्या बाबतीत योजना उदार आहे. मिकी-मिनी टेबलापाशी येऊन भेटतात अशा जेवणांना मुलांचा नुसता एका वेळचा दरच बहुतेक ठिकाणी २९.६९च्या वर असतो. दुसरा गुण पैशात मोजता येत नाही. आपली पिढी परदेशात आली ती डोक्यात रुपयांचा गुणाकार घेऊन. आइस्क्रीम मागणाऱ्या मुलाला पहिलं उत्तर मिळतं, “केवढ्याला आहे बघ.” पैसे आधीच भरलेले असले की निदान सहा दिवस हे वाक्य मुलांच्या कानावर पडत नाही. ड्रेझन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेन्स्टाइन या अभ्यासकांनी १९९८ साली हेच मांडलं. कपडे धुण्याच्या यंत्राचे पैसे माणसांना नंतर द्यायला आवडतात, सहलीचे मात्र आधी, कारण पैसे देण्याची बोच मागे टाकून मग मजा करता येते. हे सुख खोटं नाही.

पण ते इथे खरोखर मिळतं का? माझं उत्तर नाही असं आहे, आणि त्यासाठी मला आपली खानावळ आठवते. मुंबईच्या गिरणगावात बायकांनी चालवलेल्या खानावळींत कामगार महिनाभर जेवत आणि पगार झाला की पैसे देत. वाण्याकडची उधारी त्या बायकांच्या डोक्यावर असे. याच बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं आणि बँकेची कर्जं मिळवून दिली. तिथे आधी घास होता, मग दाम. पुढे आगाऊ पैसे घेणाऱ्या खानावळी आणि मेस आल्या, तरी ‘खाडा’ राहिला. गावाला गेलात तर तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होत. खाडा या छोट्या शब्दात माणसाच्या भुकेबद्दलची केवढी समज आहे! भूक रोज सारखी नसते, हे तो मान्य करतो. डिस्नेच्या योजनेत खाडा नाही. मध्यरात्रीचे बारा वाजले की हिशेब संपला.

कुणी म्हणेल, केसरीसारख्या कंपन्यांबरोबर मराठी माणूस १९८४ पासून सगळे पैसे आधी भरूनच जातोय की! खरं आहे. पण तिथे आपण जेवण विकत घेतो. संध्याकाळी वरणभात समोर येतो आणि हिशेब टूर मॅनेजर बघतो. इथे आपण जेवण नाही, जेवणाचे हप्ते विकत घेतो. ते कुठे, किती, कधी खर्चायचे याची वही आपणच सांभाळायची. म्हणजे डॉलर मोजणं थांबलं आणि हप्ते मोजणं सुरू झालं.

मग डोक्यात शिरतं ते ‘पैसे वसूल’. आर्क्स आणि ब्लूमर यांनी १९८५ साली नाटकाच्या हंगामी तिकिटांवर प्रयोग केला. पूर्ण किंमत भरलेले लोक सवलतीत तिकीट मिळालेल्यांपेक्षा हंगामाच्या पूर्वार्धात जास्त नाटकांना गेले. नाटकाला जास्त जाणं चांगलंच, पण भूक नसताना खाणं चांगलं नाही. शेवटच्या दिवशी उरलेले आठ खाऊ संपवायला दुकानं शोधत फिरायचं, किंवा दादाला “सर्वांत महागडं घे” म्हणायचं, ही आपल्याच “पानात टाकू नये” या शिकवणीची उलटी बाजू आहे. मुलांना आपण जेवणाबद्दल जे शिकवतो ते सहा दिवसांत पुसलं जाऊ नये, एवढंच मला म्हणायचं आहे.

तर निकाल असा. तीन ते नऊ वर्षांची मुलं, मांसाहार आणि ड्रिंक घेणारे आई-बाबा, मिकीबरोबर दोन-तीन जेवणं आधीच ठरलेली : अशा चौकोनी कुटुंबाने टेबलाचा प्रकार जरूर तपासावा. आजी-आजोबा बरोबर असतील, घरात शाकाहार असेल, मुलं दहाच्या पुढची असतील, तर योजना घेऊ नये. त्याऐवजी तेवढीच रक्कम निघण्याआधी वेगळी काढावी आणि ‘हे जेवणाचे, आता विचार करायचा नाही’ असं मुलांसमोर सांगून टाकावं. बोच तशीही जाते, आणि उरलेले पैसे मध्यरात्री नाहीसे होत नाहीत. शिवाय फ्लॉरिडाच्या उद्यानांत घरचं खाणं नेता येतं. काचेची भांडी आणि दारू नको, आणि गरम करावं लागेल असं काही नको. खाकरे आणि चिवडा या अटींत अगदी चपखल बसतात. अमेरिकेत उतरल्यावर कस्टमकडे मात्र ते न चुकता नोंदवा.

आपला लिनमॉल १९६३ साली उघडला, न्यूझीलंडमधला अमेरिकन धर्तीचा पहिला मॉल. तिथल्या फूड कोर्टात कुणी नूडल्स आणतं, कुणी डोसा, कुणाला भूक नसते तो नुसता गप्पा मारत बसतो. ज्याने जे खाल्लं त्याचेच पैसे. अमेरिकेकडून उसनी घेतलेली ही पद्धत अमेरिकेला जाताना बरोबर न्यायला हरकत नाही.