‘तज्ज्ञ’ डोळा आणि ‘सामान्य’ डोळा : दंतसौंदर्याच्या मापनाची चिकित्सा

दंतवैद्यास जे व्यंग वाटते ते सामान्य माणसास तसे वाटतेच असे नाही, ही गोष्ट कोकिच, कियाक व शापिरो यांनी 1999 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोजून दाखविली. हसऱ्या मुखाच्या छायाचित्रांत आठ प्रकारचे दोष क्रमाने वाढवीत नेऊन ती दात सरळ करणारे विशेषज्ञ, सर्वसाधारण दंतवैद्य आणि सामान्यजन यांच्यापुढे ठेवण्यात आली. वरच्या दातांची मध्यरेषा 4 मिलिमीटर सरकली तेव्हा ती विशेषज्ञांस खटकली; इतर दोन गटांस तीही जाणवली नाही. हसताना 2 मिलिमीटर हिरडी दिसू लागताच विशेषज्ञ नापसंती दर्शवितात. इतरांची नापसंती 4 मिलिमीटरांवर येते. पुढच्या दातांचा कल 2 मिलिमीटर ढळला की मात्र तो तिन्ही गट ओळखतात.

यावरून तज्ज्ञाची दृष्टी सूक्ष्म व लोकांची स्थूल, असा निष्कर्ष काढणे घाईचे होईल. मध्यरेषेच्या बाबतीत सर्वसाधारण दंतवैद्यही लोकांच्याच पंक्तीस बसतो; कल ओळखण्यात लोक कोठेही मागे नाहीत. शिवाय आठही दोष निवडले ते व्यवसायाने. सामान्य माणसाने स्वतः कधी न विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे त्याच्याकडून घेतलेली आहेत. मराठीत ‘दात पुढे आहेत’, ‘दातावर दात आला आहे’, ‘फटी आहेत’ असे सहज बोलले जाते. सरकलेल्या मध्यरेषेसाठी असा बोलीतील प्रयोग नाही. नाव नाही म्हणून ती दिसत नाही असे नव्हे. तिच्याकडे पाहण्याचे प्रयोजनच व्यवहारात पडत नाही, एवढेच म्हणता येईल.

लोकांचे मत प्रमाण मानून मापदंड रचण्याचा प्रयत्नही झालेला आहे. कॉन्स, जेनी व कोहाउट यांनी 1986 साली सिद्ध केलेला दंतसौंदर्य निर्देशांक दातांच्या ठेवणीच्या 200 छायाचित्रांस सामान्य अमेरिकन लोकांनी दिलेल्या गुणांवर उभा आहे. त्याच्या दहा घटकांत मध्यरेषेचे सरकणे नाही, हे लक्षणीय होय. जागतिक आरोग्य संघटनेने 1997 च्या सर्वेक्षण-पुस्तिकेत तो स्वीकारला आणि भारतातील शाळकरी मुलांचे दातही त्याने मोजले जाऊ लागले.

येथेच खरी अडचण उद्भवते. ‘सामान्यजन’ ही संज्ञा नकाराने घडलेली आहे : जो तज्ज्ञ नाही तो. वाशीम जिल्ह्याचेच उदाहरण घ्यावे. प्राचीन वत्सगुल्माच्या या परिसरात वऱ्हाडी बोलणारा कुणबी, पोहरादेवीच्या यात्रेस जाणारा गोरमाटी भाषक बंजारा आणि कारंज्याचा जैन व्यापारी हे तिघेही ‘सामान्य’च. त्यांची आवड एक असेल हे गृहीत कशाच्या आधारावर धरावयाचे? निर्देशांकात पुढच्या दोन दातांमधील फटीच्या प्रत्येक मिलिमीटरास तीन गुण पडतात. तीच फट भाग्यलक्षण मानणारी समजूत आपल्याकडे आढळते. उलट वराहमिहिराची बृहत्संहिता गुळगुळीत, दाट व सारखे दात शुभ ठरविते. शास्त्र व लोक यांतील मतभेद आजचा नाही. आणि लोकांची आवडही स्थिर नाही : सुवासिनींनी दातवण लावून दात काळे करावेत ही एकेकाळची महाराष्ट्रीय रीत आज शोभेची वाटणार नाही.

प्रश्नाचे शब्दही तटस्थ नसतात. ‘हे दात सुंदर आहेत का?’ आणि ‘हे दात बरे दिसतात का?’ या दोन प्रश्नांस एकच माणूस भिन्न उत्तरे देऊ शकेल. ‘सुंदर’ हा पुस्तकी शब्द बोलीत दातांविषयी क्वचितच येतो. प्रश्नावली भाषांतरित करताना हा भेद पुसला गेला, तर मोजली जाते ती आवड नव्हे, शब्दाशी असलेला परिचय.

निर्देशांकाचे गुण 25 पर्यंत असतील तर उपचार गरजेचा नाही आणि 36 वा त्याहून अधिक झाल्यास तो अत्यावश्यक, अशी विभागणी आहे. एखाद्या मुलीचे तोंड कोणत्या गटात पडावे, हे दूरच्या लोकांच्या आवडीने ठरत असेल, तर तो केवळ दंतवैद्यकाचा विषय राहत नाही. मापदंड टाकून देण्याचे कारण नाही. परंतु वापरण्यापूर्वी येथील माणसांस, त्यांच्या बोलीत, तो पुन्हा विचारून घेणे अगत्याचे आहे.