वर्णाचा रकाना

दलित साहित्याची समीक्षा करणाऱ्यांनी आजवर कविता, कथा, आत्मकथन आणि क्वचित नाटक एवढ्यांचीच दखल घेतली. धुळे-जळगावकडच्या आपल्या वस्त्यांत ओळीवर बोट ठेवून वाचले जाणारे छापील मराठी मात्र वेगळेच आहे. ते म्हणजे वधू-वर परिचय मेळाव्याची पुस्तिका. मी मराठीची प्राध्यापिका, म्हणून अशा एका पुस्तिकेची मुद्रिते दरवर्षी तपासायला माझ्याकडे येतात. ऱ्हस्व-दीर्घ सुधारून द्यावेत एवढीच अपेक्षा असते. पण जो मजकूर चार-पाच वर्षे अक्षर न् अक्षर वाचावा लागला, त्याविषयी मत होणारच.

नाव, जन्मतारीख, शिक्षण, उंची, नोकरी, मामाचे गाव असे या पुस्तिकेचे रकाने असतात. गोत्र, गण, नाडी, मंगळ यांना आपण केव्हाच हद्दपार केले, आणि त्याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. पहिल्या पानावर तथागत आणि बाबासाहेब असतात. आणि आत, उंचीच्या खाली, एक रकाना असतो : वर्ण. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात ज्यांनी चातुर्वर्ण्य टाकून दिले, त्यांची नातवंडे-पतवंडे हा रकाना भरतात. कोणी म्हणेल, बाई, इथे वर्ण म्हणजे रंग. उगाच शब्दाचा कीस काढू नका. मराठीत वर्ण म्हणजे अक्षरसुद्धा, हे मी दरवर्षी व्याकरणाच्या तासाला शिकवते. तेव्हा एका शब्दाला अनेक अर्थ असतात हे मलाही ठाऊक आहे. इतके अर्थ पोटात घेऊन बसलेला हा शब्द आपल्या मुलींकडून काय लिहून घेतो, हे पाहायचे आहे.

तो चारांपैकी एक उत्तर लिहून घेतो : गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. पाचवे उत्तर नाही. मी तपासलेल्या मुद्रितांत 'काळा' किंवा 'काळी' हा शब्द एकदाही आलेला नाही. एका मुलीच्या वडिलांनी अर्जावर स्वच्छ अक्षरात 'सावळी' लिहिले होते. मुद्रितात ते 'गव्हाळ' होऊन आले. मी खूण केली, तर समितीतले काका म्हणाले, 'राहू द्या मॅडम, पोरीचं भलं होईल.' काकांच्या मनात पाप नव्हते. त्यांनी तिला एक पायरी चढवून दिली. श्रेणीबद्ध विषमता कशी टिकते, हे बाबासाहेबांनी सांगितलेच आहे. तळाला एक अशी पायरी ठेवायची की तिच्यावर कोणीही आपले नाव लिहिणार नाही. मग वरच्या सगळ्या आपोआप उभ्या राहतात. मुलांच्या पानांवर हा रकाना पुष्कळदा मोकळाच असतो. तिथे पगार लिहिलेला असतो.

'काळा' शब्द कोणी लिहीत नाही याचे नवल वाटायला नको. मराठीत तोंड काळे केले जाते, धंदे काळे असतात, बाजार काळा असतो, आणि माथा मात्र उजळ ठेवून फिरायचे असते. आपले कार्यकर्तेही निषेध म्हणून कुणाच्या तोंडाला काळे फासतात, तेव्हा ही शिवी कुणाच्या कातडीवरून आली आहे याचा विचार करीत नाहीत. खान्देशात तर आणखी एक गंमत आहे. अहिराणीत ळ चा य होतो, आणि 'काळा' हा 'काया' होतो. प्रमाण मराठीत काया म्हणजे शरीर. वर्गात अहिराणी बोलणारी मुले हा शब्द उच्चारतात आणि शहरी मुले हसतात.

'सावळा' या शब्दाची कथा निराळी. तो भक्तीने मऊ करून ठेवला आहे. विठ्ठल सावळा, कृष्ण सावळा. नाशिकचा राम तर सरळ काळाराम. २ मार्च १९३० पासून त्या देवळाच्या दारात आपली माणसे सत्याग्रहाला उभी राहिली. आतल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीला कोणी उजळ करायला निघाले नव्हते. बाहेर उभ्या असलेल्यांत गोरे होते, गव्हाळ होते, काळे होते. त्यांना कातडी पाहून अडवलेले नव्हते, जात विचारून अडवले होते.

हे स्पष्ट बोलावे लागते, कारण 'ते गोरे आर्य, आम्ही काळे मूळनिवासी' असे सोपे समीकरण आपल्याही लेखनात वरचेवर येते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. जात म्हणजे वंशभेद नव्हे, असे त्यांनी १९३६ साली 'जातिनिर्मूलना'त सांगितले. अस्पृश्यांच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथात तर, नाकांची मापे घेणाऱ्या विद्वानांच्याच आकड्यांवरून, ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, असा निष्कर्ष त्यांनी काढला. काळ्या ब्राह्मणावर आणि गोऱ्या शूद्रावर भरवसा ठेवू नये, अशी एक जुनी म्हण आहे. दोन्ही प्रकारची माणसे भरपूर असल्याखेरीज अशी म्हण कशाला जन्माला येईल?

रंगावरून जात ठरत नाही. पण जातीवरून काम ठरत आले आणि कामावरून ऊन. रावेर-यावलच्या केळीच्या बागांत, चोपडा-शिरपूरच्या कापसात दिवसभर कोण वाकते, आणि एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा घरात कोण बसू शकते, याचा हिशेब गालावर उमटतो. माझ्या आईच्या दोन्ही गालांवर वांग आहेत. केळीच्या चिकाने हात काळे, उन्हाने तोंड काळे. डोक्याभोवती रुमाल गुंडाळून ती कामाला जाई. तो रुमाल हाच तिला ठाऊक असलेला उपाय, आणि आजचे त्वचातज्ज्ञही सावली आणि आडोसा हाच पहिला उपाय सांगतात. वांगाला ऊन, बाळंतपण, शरीरातले अंतःस्राव आणि आनुवंशिकता अशी कारणे आहेत. त्याचा अस्वच्छतेशी संबंध नाही. तरी 'तोंड नीट धूत जा' हे तिने बागमालकिणीकडून ऐकले आहे.

विज्ञान सांगते ते थोडक्यात असे. रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी गोऱ्या आणि काळ्या माणसांत साधारण सारख्याच संख्येने असतात. फरक पडतो तो रंगकणांचा आकार, त्यांचे प्रमाण आणि मांडणी यांत. हे कण अतिनील किरणांपासून रक्षण करतात, म्हणून काळ्या कातडीला उन्हामुळे होणाऱ्या कर्करोगाचा धोका कमी. मात्र अशा कातडीवर पुटकुळी, भाजणे, खरचटणे, काहीही झाले तरी मागे काळा डाग दीर्घकाळ राहतो. मुली ज्याला घाबरतात तो डाग बहुधा हाच, आणि तो पुष्कळदा हळूहळू आपणहून फिका होतो.

पण हळूहळू या शब्दावर दुकान चालत नाही. १९७५ हे साल या बाबतीत पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी हिंदुस्थान लिव्हरने 'फेअर अँड लव्हली' भारतात आणली. त्याच वर्षी अमेरिकेत फिट्झपॅट्रिक यांनी कातडीचे वर्ग पाडले, तेही आधी गोऱ्या माणसांचेच. तपकिरी आणि काळ्या कातडीचे वर्ग मागाहून जोडले गेले. आणि त्याच वर्षी क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड एकत्र करून कातडीचा रंग घालवण्याचे सूत्र प्रसिद्ध केले. निरोगी काळ्या कातडीचा रंग त्याने पूर्ण घालवता आला, असे त्या निबंधात नोंदवले आहे. हे क्लिगमन म्हणजे फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षे प्रयोग करणारे प्राध्यापक. ते कैदी बहुसंख्य काळे होते. त्या प्रयोगांबद्दल फिलाडेल्फिया शहराने २०२२ साली माफी मागितली.

त्या सूत्राची भावंडे आज आमच्या तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात मिळतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस वापरली तर वांगावर त्यांचा उपयोग आहे. पण ती वापरली जातात फेस क्रीम म्हणून, महिनोन्‌महिने. बेटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल ही स्टेरॉइडे पहिल्या काही आठवड्यांत चेहरा उजळ दाखवतात. पुढे कातडी पातळ होते, उन्हात आग होते, पुटकुळ्या येतात, गालावर लव वाढते. बंद केले की चेहरा लाल होऊन पेटतो, म्हणून मुलगी पुन्हा तीच ट्यूब आणते. २०१८ साली सरकारने अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यावर बंदी आणली. कागदावर आणली.

भुसावळहून नागपूरकडे निघालेल्या गाडीने अकोला लागते. तिथली एक विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण अशा तिघींना गोरे होण्याच्या क्रीममुळे मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ च्या सुरुवातीला उघड झाले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील तपासणीत त्या क्रीममध्ये पारा सापडला, मर्यादेच्या कितीतरी पट. पारा रंगद्रव्य तयार होऊ देत नाही, आणि कातडीतून रक्तात उतरतो. एका घरातल्या तिघींना एकाच डबीतले क्रीम लावावेसे वाटले, यामागे एखादा रकाना असलाच पाहिजे.

'फेअर अँड लव्हली'च्या जाहिराती अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने लावून धरल्यावर २००३ मध्ये त्यांतल्या काही मागे घेतल्या गेल्या. २०२० साली जॉर्ज फ्लॉइडच्या खुनानंतर जगभर क्षोभ उसळला तेव्हा कंपनीने नावातला 'फेअर' शब्दच काढला. नफ्यावर चालणाऱ्या कंपनीला शब्द बदलावा लागला. आपल्या पुस्तिकेवर तेवढाही दाब आलेला नाही.

आणि साहित्य? १९७२ च्या पँथरने आपले नाव अमेरिकेतल्या काळ्यांकडून घेतले. जनार्दन वाघमारे यांनी निग्रो साहित्याची ओळख मराठीला करून दिली. 'काळा' हा शब्द आपल्या कवितेत शिवी न राहता ललकारी झाला, हे मोठे काम होते. परंतु त्या कवितेतला काळा रंग सूर्याचा, रात्रीचा, इतिहासाचा आहे. बहुधा तो पुरुषाच्या तोंडी आहे. त्याला वांग येत नाहीत. त्याला कोणी पाहायला येत नाही. समीक्षेनेही तेच केले. आमच्या धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी १९८८ साली 'अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र' लिहिले. सौंदर्याची कसोटी कोणाची, हा प्रश्न त्यांच्यामुळे आमच्या पिढीपुढे उभा राहिला. तो आपण शब्दापुरता सोडवला आणि गालापुरता सौंदर्यप्रसाधनवाल्यांकडे सोपवला. टोनी मॉरिसनच्या १९७० च्या 'द ब्लुएस्ट आय' या कादंबरीतली काळी पोर निळे डोळे मागते, आणि त्या मागण्याने तिची जी दशा होते ती वाचवत नाही. आपल्याकडे शरीराचे इतके उघडे लेखन मला बेबीताई कांबळे यांच्या 'जिणं आमुचं'मध्ये भेटले. तिथे भूक आहे, मळ आहे, बाळंतपण आहे. ट्यूब विकत घेणारी मुलगी मात्र मला अजून कुठल्या पानावर सापडलेली नाही, आणि ती तर माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसते.

म्हणून मी गेल्या वर्षापासून तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक तास औषधांच्या वेष्टनाला देते. डावीकडची उभी लाल रेघ म्हणजे काय, ते बारीक इंग्रजी मराठीत आणायचे कसे, असा अनुवादाचा धडा. एकीने तास संपल्यावर विचारले, 'मॅडम, बंद केलं की तोंड पेटतं, मग करायचं काय?' एकदम आपल्या मनाने काही करू नकोस, ट्यूब हातात घेऊन सरकारी दवाखान्यात कातडीच्या डॉक्टरांना दाखव, धुळ्यात आणि जळगावात दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, असे मी तिला सांगितले. ती म्हणाली, त्यासाठी आईचा एक दिवसाचा रोज बुडेल.