गोठणे : एका क्रियापदाचे दोन व्यवहार

सूचनापर गद्य समीक्षेच्या कक्षेत सहसा घेतले जात नाही. ते उपयोगापुरते असते, अशी समजूत त्यामागे असावी. वस्तुतः भाषेची कसोटी येथे अधिक कठोरपणे लागते; कारण वाक्य अपुरे पडले तर वस्तू फुटते. उत्तर अमेरिकेतील मेपल-साखरेच्या व्यवसायासंबंधीचे दोन लेख या दृष्टीने शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. एक, जेम्स स्मिथ याच्या १७९९ साली प्रसिद्ध झालेल्या बंदिवासकथेतील उतारा. दुसरा, रस दाट करणाऱ्या आजच्या यंत्रांबाबत सर्वत्र आढळणारी एका ओळीची सूचना : पटले गोठण्यापासून जपावीत.

स्मिथ १७५५ मध्ये मूलनिवासींच्या हाती सापडला व पुढील काही वर्षे ओहायो प्रदेशात त्यांच्यातच राहिला. तेथील स्त्रिया अग्नीऐवजी थंडीने साखर करीत, असे तो सांगतो. सालीच्या रुंद, उथळ भांड्यांत मेपलचा रस ठेवावयाचा, रात्री वर बर्फ धरला की तो फोडून फेकून द्यावयाचा. बर्फाबरोबर साखरही जात नाही काय, असे स्मिथने विचारले. जाते ते केवळ पाणी, साखर गोठत नाही, असे उत्तर मिळाले. शंका असल्यास तो बर्फ आटवून पाहावा, असेही सुचविण्यात आले. स्मिथ प्रांजळपणे नमूद करतो, की तो प्रयोग त्याने कधी केला नाही. मात्र वारंवार गोठवल्यावर भांड्यात उरलेला रस तपकिरी व अतिशय गोड होत असल्याचे त्याने पाहिले होते.

या उताऱ्याचे सामर्थ्य त्याच्या रचनेत आहे. शंका, कारण, पडताळ्याचे आवाहन आणि निवेदकाच्या साक्षीची मर्यादा एवढे सर्व काही ओळींत येते. कृतीपेक्षा कारण अधिक ठळक असल्यामुळे वाचक स्मिथने न वर्णिलेल्या परिस्थितीतही योग्य तेच करील.

आता दुसरे वाक्य. १९७० च्या दशकापासून मेपल-उत्पादक रिव्हर्स ऑस्मॉसिस, म्हणजेच व्यस्त परासरणाचा उपयोग करू लागले. रसात साखर असते सुमारे २ टक्के. पाक व्हावयास ती ६६ टक्क्यांवर न्यावी लागते. एक लिटर पाकासाठी सुमारे ४३ लिटर रस आटवावा लागे. पटलातून दाबाने पाणी काढून रस आधी ८ टक्क्यांवर आणला, की तीनचतुर्थांश पाणी चुलाणावर चढण्यापूर्वीच जाते. बर्फ जे करीत असे तेच काम आता पटल करते. आणि ज्या रात्रीच्या गोठण्यावाचून दुसऱ्या दिवशी झाडातून रस वाहत नाही, तीच रात्र या पटलाची वैरीण ठरते.

‘गोठण्यापासून जपावे’ या विधानात कर्ता नाही, काळ नाही, आणि पाणी नेमके कोठे आहे याचा उल्लेख नाही. ते ‘साठवण’ या मथळ्याखाली आले, तर वाचक त्याचा संबंध हंगामाच्या अखेरीशी जोडतो. धोका मात्र ऐन हंगामात, रोज रात्री असतो. दिवसाचे काम संपल्यावर यंत्र गाळलेल्या पाण्याने धुतले जाते व ते पाणी आत राहते. पंप व नळ्या रिकाम्या करता येतात; परंतु सच्छिद्र नळीभोवती जाळीसह गुंडाळलेल्या पटलाच्या घड्यांतले पाणी पूर्णपणे निघत नाही, आणि पटल वाळू देणेही इष्ट नसते. गोठताना पाणी सुमारे ९ टक्के फुगते. पंपाचे डोके फुटले तर ते दिसते. पटलाचा अतिसूक्ष्म थर फाटला, डिंकाची शिवण उसवली, तर बाहेरून काहीच कळत नाही. यंत्र चालते, पाणी गळते, आणि त्याबरोबर साखर निचऱ्यात जाते. गाळलेल्या पाण्याची गोडी तपासली तरच हे ध्यानात येते.

‘पटल’ हा शब्दही येथे फसवा आहे. न भिजलेले नवे पटल थंडी सोसते, भिजलेले सोसत नाही. दोन्हींना नाव एकच. (मराठीत तूप थिजते आणि पाणी गोठते, असा भेद क्रियापदात मुरलेला असला, की निम्मी सूचना भाषाच देऊन टाकते.) हंगामानंतर पटल सोडियम मेटाबायसल्फाइटसारख्या परिरक्षकाच्या द्रावणात बंद करून ठेवण्याची रीत आहे. त्यामुळे जंतू आवरतात, थंडी नव्हे. हाही खुलासा त्या एका ओळीत मावलेला नाही.

सूचना लहानच असावी, हा आक्षेप येथे संभवतो, व तो निराधार नाही. हात ओले असताना कोणी निबंध वाचत नाही. परंतु जानेवारी १९९८ मध्ये क्वेबेक, पूर्व ऑन्टारियो व न्यू इंग्लंडच्या उत्तर भागात गोठणाऱ्या पावसाने विजेच्या तारा कोसळल्या, काही ठिकाणी आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. यंत्राची खोली विजेच्या शेगडीने उबदार ठेवणाऱ्याला अशा वेळी ‘जपावे’ हे क्रियापद काहीच सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता आले असते : भिजलेल्या पटलातले पाणी पूर्ण काढता येत नाही व ते वाळूही देऊ नये, म्हणून यंत्र बंद असतानाही खोली शून्य अंशाच्या वर राखावी, आणि वीज गेल्यास पटल बंद नळकांड्यात घालून घराच्या तळघरात न्यावे. वाक्य लांबले खरे. स्मिथच्या उताऱ्यापेक्षा ते तरीही बरेच लहान आहे.